सावलीत न बसणारे गुरुजी

फार फार वर्षं झाली. सांगणारे गेले, ऐकणारे म्हातारे झाले, तरी वाघोरीचा माळ अजून दाजीबा गुरुजींचंच नाव सांगतो.

तेव्हा त्या माळावर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. शाळेला एकटे दाजीबा गुरुजी. वरून हुकूम आला, पोरांकडून शंभर झाडं लावून घ्या, साहेब बघायला येणार. रोपं आणायची तर चार कोस चालायला हवं. गुरुजींनी आळस केला. साहेब यायच्या दिवशी त्यांनी पोरांना गावातल्या कडुलिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या आणि तशाच मातीत रोवल्या. माळ हिरवागार दिसला. साहेबांनी गुरुजींची पाठ थोपटली.

दोन दिवसांत फांद्यांनी माना टाकल्या. पोरं विसरली. पण भागू नावाची सात वर्षांची पोर रोज तांब्याभर पाणी घालत राहिली. आठव्या दिवशी ती रडत आली.

"गुरुजी, माझं झाड वाळलं. माझं काय चुकलं?"

गुरुजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी साऱ्या पोरांना माळावर नेलं, डोक्यावरची टोपी काढली.

"मुळाशिवाय फांदी जगत नाही, हे मला ठाऊक होतं. चूक माझी. मी तुम्हाला फसवलं."

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन ते चार कोस चालले. खड्डा केवढा घ्यायचा, मुळं कशी जपायची, सगळं शिकवलं. पाणी मात्र स्वतः कावडीनं वाहिलं. असं म्हणतात, दुष्काळात नदी आटली, पण गुरुजींची कावड कधी रिकामी आली नाही.

झाडं उंच झाली. गुरुजी त्यांच्याखाली कधी बसले नाहीत. असं म्हणतात, भर दुपारी सावली त्यांच्याकडे सरकायची आणि गुरुजी मागं सरकायचे. "अजून तोंड नाही मला," म्हणायचे.

शेवटी भागूच आली, कडेवर लेक घेऊन. तिनं म्हाताऱ्याचा हात धरला.

"बसा आता, गुरुजी."

ते बसले आणि लहान पोरासारखे रडले.

आजही वाघोरीच्या शाळेत नवे गुरुजी आले, की आधी माळावर एक कावड पाणी वाहतात आणि टोपी काढून उन्हात उभे राहतात. शाळेतली सगळ्यांत धाकटी पोर येऊन "बसा" म्हणेपर्यंत त्यांना सावलीत जाता येत नाही. काही पोरी पटकन म्हणतात. काही बराच वेळ नुसत्या बघत राहतात.