नाटकातला नियम

नाशिकच्या एका धर्मशाळेत दर उन्हाळ्यात संस्कृत आणि प्राकृत शिकवणारे महिनाभराचे दोन वर्ग भरत असत. संस्कृत शिकवायला नीळकंठशास्त्री धुपकर होते, आणि वर्गात कोणाला घ्यायचे हेही तेच ठरवत.

एका वर्षी संगमनेरच्या शिक्षिका यमुनाबाई सोवनी नाव घालायला आल्या. त्यांच्या मुलींच्या शाळेत संस्कृत सुरू व्हायचे होते आणि शिकवणारे दुसरे कोणीच नव्हते. घरी वडिलांकडून त्या थोडेफार शिकल्या होत्या, पण व्याकरण कच्चे होते.

शास्त्रीबोवा भरल्या वर्गात म्हणाले, "बाई, जुन्या नाटकांत स्त्रिया संस्कृत बोलत नाहीत, प्राकृत बोलतात. परंपराच आहे ती. तुम्ही पलीकडे प्राकृताच्या वर्गात बसा."

विद्यार्थी हसले. यमुनाबाईंना राग आला, पण त्यांनी आवाज चढू दिला नाही.

"नाटकाचा नियम मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच नाटकांत एक ब्राह्मणही संस्कृत बोलत नाही ना?"

"अर्थात. तो विदूषक."

"मग शास्त्रीबोवा, मघापासून तुम्ही मराठीत बोलताय."

वर्गात कोणाला हसू आवरेना. शास्त्रीबोवांना आता मराठीत शब्द काढायची सोय उरली नव्हती. त्यांनी घसा खाकरून संस्कृतात विचारले, "आपले नाव काय?" यमुनाबाईंनी संस्कृतातच उत्तर दिले. नाव लिहून घेतले गेले.

त्या उन्हाळ्यात शास्त्रीबोवा वर्गात मराठी बोललेच नाहीत, आणि विद्यार्थ्यांचे संस्कृत कधी नव्हे इतके सुधारले.