दिव्यावरची टिकली

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. भानुदासरावांच्या मोटारीत चाकाच्या सेन्सरची वायर आतल्या आत तुटली. करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा त्यामुळे बंद पडली, आणि समोरचा पिवळा दिवा पेटला.

"विझ की रे," वेगाचा काटा म्हणाला. "मालक चिडतात."

"वायर तुटलीय हे मी नाही सांगायचं, तर कोणी?" दिवा म्हणाला.

भानुदासराव खरंच चिडले. "शालन, तुझी टिकली दे," ते बायकोला म्हणाले.

"अहो, गॅरेजात दाखवा ना!"

"ब्रेक लागतायत की!" त्यांनी तिच्या कपाळावरची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. "झाली दुरुस्ती."

दिवा टिकलीआड पेटतच राहिला.

घाटातल्या ओल्या वळणावर अचानक म्हैस आडवी आली. ब्रेक दाबताच चाकं जाम झाली, आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ कठड्यावर आदळली.

पुढे गॅरेजात मिस्त्रीने मीटर लावून तुटकी वायर लगेच शोधली. नवी जोडताच दिवा आपणहून विझला. भानुदासरावांनी टिकली हलकेच सोलून काढली आणि घरी नेऊन शालनपुढे धरली.

तिच्या कपाळावर, टिकलीच्या जागी, टाके होते.