सीलबंद डबा

मृण्मयीला गेम खेळायचा कॉम्प्युटर सुटे भाग निवडून, जोडून हवा होता. तिचे बाबा म्हणत, दुकानदार सांगेल तोच घ्यायचा. शेजारच्या शालनकाकूंना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरी बसवेना, म्हणून त्याही दुकानात गेल्या.

"जोडलेल्याचा काय भरवसा?" दुकानदार भांबुरेशेठ ऐटीत म्हणाले. "हा तयार न्या, सीलबंद. आत काय आहे याचा विचार तुम्ही कशाला करता?"

बाबांनी मान डोलावली. मृण्मयीचा चेहरा उतरला.

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड ऐकून काकूंचं डोकं गरगरत होतं. त्यांनी आपल्याला समजेल असं विचारलं, "शेठ, तुमच्या घरी तिखट-मसाला तयार पुडीचा आणता का हो?"

"छे! बंद पुडीत काय कोंबलंय, कुणी पाहिलंय? आमची ही मिरच्या-धणे स्वतः निवडते आणि डंकासमोर बसून कुटून आणते."

"मग मृण्मयीलाही निवडू द्या की," काकू म्हणाल्या. "आणि जोडायला बसाल, तेव्हा समोर मला एक खुर्ची टाका."

बाबा हसत म्हणाले, "तीन टाका, शेठ. आम्हीही बसतो."