पोपटी मोटार

एका गावात एक दाजिबा होते, आणि त्यांच्या परसात आजोबांची मोटार होती. सुसरीसारखी लांब, काळी, रंग उडालेली. चालत नव्हती. पण कोंबड्या तिच्यात अंडी घालत, तेव्हा अगदीच निकामी कसं म्हणावं?

त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणत, "भंगारवाल्याला द्या ती." दाजिबांचा जीव मात्र त्या गाडीत.

एकदा शहरातून ईशानी नावाची पोरगी आली. ती गाण्यांचे व्हिडिओ काढायची. गाणं यंत्रावरचं, धुम्म धुम्म करणारं, पण थाट सगळा जुन्या सिनेमाचा. उंच अंबाडा, ठिपक्यांची साडी, काळा गॉगल. मोटार बघून तिनं टाळ्याच पिटल्या. "काका, हिच्यात बसून आमची नायिका गाणार! गुरुवारी येतो. गाडी आहे तश्शी ठेवा."

सुभद्राबाई म्हणाल्या, "गाण्यात दिसली तर राहू दे परसात. नाही दिसली तर भंगारात."

आता आपली रीत कशी, पाहुणे यायचे म्हटलं की घराला रंग काढायचा. दाजिबांना वाटलं, पोरगी भिडेपोटी 'आहे तशी' म्हणाली असेल. त्यांनी रंगारी बोलावला. गाडी पोपटी झाली. आत फुलाफुलांचं रेक्झिन, मागे 'आईचा आशीर्वाद', वर लुकलुकणारे दिवे. कोंबड्या रुसून शेजारी गेल्या.

गुरुवारी ईशानी आली.

"काका, आपली गाडी कुठंय?"

"हीच की! ओळखली नाहीस ना?" दाजिबा खुशीत.

ईशानी मटकन खाली बसली. तिच्याबरोबरचा माणूस एका नव्याकोऱ्या रेडिओला चहाचं पाणी फासून जुना करत होता. दाजिबांनी ते पाहिलं नि त्यांचा चेहरा पडला.

"हिलाही फासा की जरा," ते हळूच म्हणाले.

"एवढा चहा तालुक्यात नाही, काका."

शेवटी नायिका गाडीऐवजी घरातल्या झोपाळ्यावर बसून गायली. निघताना ईशानीला गाडीचा रबरी भोंगा दिसला, जुनाच. तिनं दाबला. पोंऽऽ!

"हा कसा राहिला?"

"रंग संपला, पोरी."

तिनं तो आवाज यंत्रात भरून नेला. पुढं गाणं आलं. धुम्म धुम्म पोंऽऽ! सगळं गाव नाचलं.

"आली की गं गाडी गाण्यात!" दाजिबा म्हणाले.

"दिसली का?"

"ऐकू तर आली!"

"मग ऐकू आली तेवढी ठेवा," सुभद्राबाई म्हणाल्या.

पोपटी मोटार भंगारात गेली. भोंगा घरात राहिला. चहा हवा असला की दाजिबा तो वाजवत. पोंऽऽ! आणि आतून उत्तर येई, "अहो, आले, आले. त्याला तेवढा रंग देऊ नका!"

तात्पर्य: लोक ज्या गुणासाठी आपल्या दारी येतात, तोच पुसून त्यांचं स्वागत करू नये.