कडीतली डहाळी

तुतीच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात कोंडाबाई नावाची शेतकरीण राहत होती. त्या गावात बरेच जण रेशमाचे किडे पाळत. किड्यांची अंडी दूरच्या केंद्रातून खोक्यात घालून येत. मोहरीहूनही बारीक अशी ती अंडी ठरलेल्या दिवशी फुटत. फुटली की आतल्या अळीला लगेच कोवळा पाला लागे. पाला मिळाला नाही, तर ती जगत नसे.

किड्यांच्या दिवसांत माणसे मळ्यातल्या शेडमध्येच राहायला जात. गावातली घरे बंद असत, आणि मळ्यात फोनही लागत नसे. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. घराला कुलूप लावले, की कडीत तुतीची ताजी डहाळी खोचायची. आम्ही मळ्यात आहोत, तिकडे या, एवढाच तिचा अर्थ. पाहुणा असो की शाळेतला मास्तर, डहाळी पाहिली की तो मळ्याची वाट धरी.

तालुक्याहून पार्सले घेऊन येणारा गोरखही तीन वर्षे तसेच करत आला होता. गोरख कामाला चपळ होता. घरी माणूस भेटला नाही, तर बंद दाराचा फोटो काढायचा, ‘घर बंद’ असा शेरा मारायचा आणि पार्सल कचेरीत परत आणून ठेवायचे, असा त्याच्या कचेरीचा नियम होता. फोटो असला की कुणी जाब विचारत नसे.

त्या वर्षी कोंडाबाईने पहिल्यांदाच अंडी मागवली. तिने आणि तिची सून रेणुका हिने वर्षभर खपून तुती वाढवली होती. विहीर आटली तेव्हा रेणुकाने ओढ्यावरून हंड्याने पाणी आणून रोपे जगवली होती. आता पाला अगदी हवा तसा कोवळा आला होता. अंडी सोमवारी फुटणार होती आणि खोके शनिवारी यायचे होते. शनिवारी सकाळी रेणुकाने घराला कुलूप लावले, कडीत डहाळी खोचली आणि दोघी शेड धुवायला मळ्यात गेल्या.

दुपारी गोरख दारात आला. खोक्यावर लाल अक्षरांत लिहिले होते, ‘आत जीव आहे. उशीर करू नये.’ त्याने ते वाचले. डहाळीही पाहिली. पण कोंडाबाईचा मळा सगळ्यात लांब, ओढ्यापलीकडे होता. तिथवर मोटारसायकल जात नसे. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. संध्याकाळी मेव्हण्याच्या मुलीचे बारसे होते, आणि त्याला वेळेवर पोहोचायचे होते.

“सोमवारी सकाळी पहिलं हेच देऊ,” असे मनाशी म्हणून त्याने दाराचा फोटो काढला. फोटोत कुलूप दिसत होते. शेजारी डहाळीही दिसत होती. ती दिसली, तर लोक मळ्यात आहेत हे कुणालाही कळले असते. मग त्याने डहाळी उपसून गटारात टाकली आणि दुसरा फोटो काढला.

मळ्यात दोघींना वाटले, खोके केंद्रातूनच उशिरा निघाले असेल. रविवारी कचेरी बंद होती आणि खोके आतच होते. वरचे पत्रे दिवसभर तापले. त्या उन्हाने अंडी एक दिवस आधीच फुटली.

सोमवारी गोरख खोके घेऊन सरळ मळ्यात गेला. कोंडाबाईने ते त्याच्यासमोरच उघडले. आत काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या कागदाला चिकटून होत्या. तिने कोंबडीच्या पिसाने त्यांना हलकेच हलवून पाहिले. एकही हलली नाही.

“शनिवारी आलो होतो, मावशी,” गोरख म्हणाला. “घराला कुलूप होतं.” त्याने फोटो पुढे केला.

कोंडाबाईने फोटो निरखून पाहिला. मग सुनेकडे वळून म्हणाली, “डहाळी लावली नाहीस?”

“लावली होती, आत्याबाई.”

“मग ह्यात कुठं आहे, दाखव.”

रेणुकाने फोटो पाहिला. पुन्हा पाहिला. “मी लावली होती,” ती म्हणाली. आणि जरा वेळाने हळूच म्हणाली, “लावली होती असं वाटतंय.”

“वर्षभर हंडे वाहिलेस, आणि एवढंसं ध्यानात राहिलं नाही,” कोंडाबाई म्हणाली. पिसे लागल्यासारखी रेणुका रिकामे ट्रे पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

गोरख निघाला. ओढ्यापर्यंत गेला. फोटो त्याच्या बाजूने होता, त्याला कुणी काही म्हणणार नव्हते. पण त्याला पाणी ओलांडवेना. तो माघारी आला आणि शेडच्या दाराबाहेरूनच बोलला.

“वहिनी विसरल्या नव्हत्या, मावशी. डहाळी मी काढली. वाट लांब होती.”

कोंडाबाईने हातातले पीस खाली ठेवले. मग ती म्हणाली, “वाट लांब आहे, एवढंच कुणाकडून कळवलं असतंस, तर मी शनिवारीच चालत तालुक्याला आले असते.”

गोरखने कचेरीतही खरे काय ते सांगितले. त्याला ताकीद मिळाली, नोकरी मात्र टिकली. पण गावाने त्याच्या हातून अंडी मागवायचे बंद केले. ज्याची अंडी असतील, तो दोन एसट्या बदलून केंद्रावर जाई आणि खोके मांडीवर घेऊन येई. त्यात सगळा दिवस मोडे. कोंडाबाईची अंडी रेणुका आणी. गोरख आता सुया-दोऱ्याचे पाकीटसुद्धा थेट मळ्यात नेऊन देऊ लागला. लोक ते घेत, त्यावरची तारीख बघत आणि मग सही करत. शाबासकी कुणी दिली नाही.

असे चार हंगाम गेले. पाचव्या खेपेला कोंडाबाईने रेणुकाला विचारले, “ह्या वेळी कसं करायचं? तू जातेस, की त्याच्याकडून येऊ द्यायची?”

तिने निर्णय सुनेवर सोडला, कारण बोलणी सुनेने खाल्ली होती.

रेणुका ट्रे धूत होती. ती धुता धुताच म्हणाली, “येऊ द्या गोरखभाऊंकडून. फक्त शनिवारचा दिवस नको.”

तात्पर्य: शेरा मारला म्हणजे काम झाले असे होत नाही, वस्तू ज्याची त्याच्या हाती वेळेवर पडली पाहिजे. ते जमणार नसेल तर त्याच दिवशी तसे कळवावे, कारण आपण लपवलेल्या चुकीची बोलणी दुसऱ्याच कुणाला तरी खावी लागतात.