विडा खाल्लेला वीर

प्रत्येक गावात एक भोळा असतोच. नसला तर शेजारच्या गावातून मागवतात. उंबरखोऱ्याला मागवावा लागला नाही. तिथे बिरमा होता.

एकदा डोंगरावरच्या राक्षसाने पाटलाची लेक हौसा उचलून नेली. येत्या अमावास्येला तो तिला खाणार होता. पाटलाने रीतीप्रमाणे चावडीत तबक मांडलं, तबकात विडा ठेवला. जो विडा उचलेल त्याने राक्षसावर चालून जायचं. गावचे पैलवान एकदम आपापल्या पायांची नखं बघू लागले. बिरमाने विडा उचलला आणि खाल्ला. चुना जरा जास्त झालाय म्हणाला.

झालं. गावाला वीर मिळाला.

देवळात पोथी सांगणारे पुराणिकबुवा त्याला वीराचे गुण शिकवायला बसले. म्हणाले, वीराने सदा खरं बोलावं. बिरमा गुहेत गेला. राक्षस घोरत होता. बिरमाने त्याला हलवून जागं केलं.

"तुम्ही झोपलात म्हणून हौसाला पळवायला आलोय. उगाच खोटं कशाला बोलू?"

राक्षस इतका हसला की त्याला खायचंच विसरला. त्याने बिरमाला उतारावरून खाली सोडलं आणि हौसाच्या पायात साखळी घालून कुलूप लावलं.

बुवा म्हणाले, अरे, वीराने पोटातलं ओठांवर आणू नये. पुढच्या खेपेला राक्षस शिकारीला गेला होता. हौसाने हळूच विचारलं, "दादा, मला सोडवायला आलास ना?"

"सांगणार नाही."

तिने रडून विचारलं, रागावून विचारलं. बिरमा तोंडावर हात धरून दिवसभर बसला आणि दिवेलागणीला घरी आला.

बुवांनी कपाळ बडवलं. म्हणाले, वीर दयाळू असतो. बांधलेला, रडणारा कुणी दिसला की विचारत बसायचं नाही, सोडवायचं. आणि त्याबद्दल बक्षीस घ्यायचं नाही.

इकडे हौसाने वीराचा नाद सोडला होता. राक्षस झोपताच तिने त्याच्या कमरेची किल्ली काढली, स्वतःची साखळी सोडवली आणि त्याच्याच हातापायांना घालून कुलूप लावलं. राक्षस जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं. तेवढ्यात बिरमा पोचला.

"चल दादा, पळ."

"थांब गं. आधी या बिचाऱ्यांचं बघू."

त्याने तिच्या हातातली किल्ली हिसकावली आणि राक्षसाला मोकळं केलं.

राक्षस माणसं खात असे, पण उपकार विसरत नसे. डोळे पुसत म्हणाला, "लेका, काय हवं ते माग. ही पोरगी नेतोस?"

हौसाने हात जोडले. "हो म्हण रे. एवढं एकदा हो म्हण."

बिरमाने छाती फुगवली, राक्षसाला नमस्कार केला आणि एकटाच डोंगर उतरला.

वेशीवर पाटील उभा होता. हौसा कुठाय म्हणून त्याने विचारलं.

"देत होते ते," बिरमा म्हणाला, "पण मी मोह आवरला."