पाणसऱ्याचा नवा झेल्या

पाणसरे गावात सदोबा नावाचे एक गृहस्थ राहत होते. त्यांचा तेलाचा घाणा होता. घाणा फिरू लागला की आळीभर करकर ऐकू येई, आणि सदोबा बोलू लागले की घाणा ऐकू येत नसे. लहानथोर सगळे त्यांना सदूनाना म्हणत.

या आवाजाचा गावाला एक मोठा उपयोग होता. सुगी आटोपली की त्या खोऱ्यातल्या दहा गावांत चेंडूचे सामने होत. चेंडू कातड्याचा, आत कापूस ठासून भरलेला. चेंडू लांब फेकणाऱ्याला फेक्या म्हणत. समोरच्या गड्यांच्या गर्दीतून पळत जाऊन पलीकडच्या रेघेपाशी तो पकडणाऱ्याला झेल्या म्हणत. चेंडू हातात आला तर डाव जिंकला, मातीत पडला तर सगळी मेहनत फुकट. सामन्याच्या दिवशी सदूनाना जे ओरडत तेच सारे गाव ओरडे. नाना "शाबास" म्हणाले की शाबास. नाना "घरी जा" म्हणाले की त्या बिचाऱ्या गड्याला खरोखरच घरी जावेसे वाटे.

पाणसरे सलग तीन वर्षे दहावे आले होते. दहा गावांत दहावे. पाहुण्यांच्या गावी गेले तरी लोक आधी पाणी विचारत आणि मग चेंडूचे विचारत. पण शेवटी येण्याचा एक फायदा होता. ज्या लहान वाड्यांना स्वतःचा संघ नसे, तिथले खेळाडू दरवर्षी एका मोठ्या चिंचेखाली येऊन उभे राहत. दहा गावे पाळीपाळीने त्यांतून एकेक माणूस निवडत. जे गाव शेवटचे आले असेल त्याला पहिली पाळी मिळे.

यंदा कोणाला निवडायचे हे पाणसऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. डोंगरवाडीचा हैबती! त्याने फेकलेला चेंडू नदीच्या या काठावरून त्या काठाला जाई. महिनाभर सदूनाना सगळ्यांना सांगत होते, "एकदा हैबती येऊ दे, मग बघा. आपलं दैन्य फिटलंच म्हणून समजा."

निवडीचे काम मल्हारबांचे. ते तरुणपणी स्वतः झेल्या होते. चेंडू झेलून झेलून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी झाली होती. ते चिंचेखाली गेले, हैबतीसमोरून शांतपणे पुढे चालत राहिले आणि कडेला उभ्या असलेल्या एका काटकुळ्या माणसाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"हा आमचा," ते म्हणाले.

तो होता जिवबा. छपरावर कौले घालणारा कामकरी. खाली उभा असलेला माणूस कौल वर फेकी, आणि जिवबा छपरावर बसून ते झेली. पंचविशीचा असेल. अंगावर मांस असे नव्हतेच.

पाणसरेकरांत एकच गलका उठला.

"मल्हारबा, ऊन लागलं का तुम्हाला? हैबती तिकडं उभा आहे, तिकडं!"

"अहो, हा तर वाऱ्यानं उडेल!"

"झेल्या कशाला हवा? आधी फेकणारा तर आणा!"

मल्हारबा म्हणाले, "तीन वर्षं आपला चेंडू लांब जात नव्हता म्हणून हरलो का? लांब जात होता, आणि लांब जाऊन मातीत पडत होता. फेकणारे आपल्याकडे तिघं आहेत. घेणारा एकही नाही."

पण ऐकतो कोण? दुसरी पाळी खडकेवाडीची होती. त्यांनी हैबतीला उचलूनच घेतले. परतीच्या वाटेवर त्यांची बैलगाडी शेजारून गेली तेव्हा आतून आवाज आला, "पाणसरेकर, उपकार झाले हो तुमचे! आमची कौलं फुटली तर कळवतो, तुमचा माणूस धाडा!"

सदूनाना रागाने लालबुंद झाले.

तिसऱ्या दिवशी जिवबा गावात राहायला आला. नव्या खेळाडूचे स्वागत करण्याची पाणसऱ्याची एक रीत होती. तो वेशीत आला की एक सुवासीण त्याला कुंकू लावी. मग वीस पावलांवरून गावातला एक मानकरी "घे रे!" अशी हाळी देई आणि त्याच्याकडे नारळ फेकी. त्याने तो झेलायचा आणि मारुतीसमोर फोडायचा. अकरा वर्षे हा मान सदूनानांचा होता.

त्या दिवशीही ते नारळ घेऊन उभे राहिले. ढोल वाजत होता. नानांच्या पत्नी गोदाक्का जिवबाला कुंकू लावत होत्या. कुंकू लावताना सगळेच मिटतात तसे त्याने डोळे मिटले होते. नानांच्या कानात खडकेवाडीची ती हाळी अजून घुमत होती. कौलं फुटली तर कळवतो! काय झाले ते त्यांचे त्यांनाही नीट कळले नाही. त्यांनी हाळी दिली नाही. डोळे उघडायची वाट पाहिली नाही. नारळ हाणला, तोही सरळ नाही, तर खाली आणि एका बाजूला.

नारळ दगडावर आपटला आणि फुटला. पाणी वेशीच्या पायरीवर सांडले. ढोल थांबला.

"अरेरे! अपशकुन!" कोणीतरी म्हणाले.

सगळे पाहत होते ते फुटलेल्या नारळाकडे. तो कसा फेकला गेला, हे ढोलाच्या गडबडीत कोणाच्याच लक्षात आले नव्हते. जिवबाने डोळे उघडले. त्याने आधी नारळाकडे पाहिले, मग वीस पावलांवरच्या सदूनानांकडे. नानांचा हात अजून हवेतच होता. दोघांची नजरानजर झाली.

जिवबा खाली वाकला, नारळाची भकले गोळा करू लागला आणि म्हणाला, "माझ्या हातून सुटला."

नारळ त्याच्या हाताला लागलासुद्धा नव्हता. हे फक्त दोघांना माहीत होते, असे नानांना वाटले.

संध्याकाळी गोदाक्कांनी ताट वाढले. नाना जेवायला बसले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही नारळ टाकलात ना, तेव्हा माझं बोट त्याच्या कपाळावर होतं."

एवढेच बोलून त्या भाकरी थापायला वळल्या. नानांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

निवडलेला माणूस पसंत नसला तर गावाला तो आठ दिवसांत परत पाठवता येई, आणि उरलेल्यांतून दुसरा घेता येई. मात्र परत पाठवलेल्या माणसाला पुढे कोणतेच गाव कधी निवडत नसे. त्याचा खेळ तिथेच संपे. पाणसऱ्यात आता हीच चर्चा सुरू झाली. पारावर, पाणवठ्यावर, घाण्यावर तेल न्यायला येणाऱ्यांच्या तोंडी, सगळीकडे एकच. जिवबाला परत पाठवा.

आणि गंमत अशी की या सगळ्यात नानांचा मान वाढला.

"नाना, तुमच्या नारळानं बरोबर पारख केली हो!"

"वेळीच कळलं. नाहीतर वर्षभर रडत बसलो असतो."

नाना नुसते "हं" म्हणत आणि बैलाला उगीचच हाकत. बैल तर चालतच असे.

जिवबा मात्र रोज सकाळी मैदानावर जाई. मल्हारबा चेंडू टाकत, तो झेली. पोरे त्याला "फुटका नारळ" म्हणून चिडवत. तो हसून म्हणे, "खोबरं खाल्लंत ना? मग झालं तर!" दुपारी रिकामा वेळ मिळाला की तो शाळेच्या गळक्या छपरावर चढे. कोणी सांगितले नव्हते, तरी त्याने ते काम हाती घेतले होते. सातव्या दिवशी नाना त्या वाटेने चालले होते. खाली उभ्या असलेल्या गड्याने वर पाहिलेच नाही आणि कौल भलतीकडे फेकले. जिवबा आडवा झाला, एका हाताने वाशाला धरले आणि दुसऱ्या हाताने ते कौल अलगद, मांजराचे पिल्लू उचलावे तसे, घेतले. मग खाली वाकून म्हणाला, "मामा, थोडं उजवीकडं."

नाना वाटेवरच थबकले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

आठव्या दिवशी सकाळी सारे गाव पारावर जमले. एका बाजूला जिवबा आपले गाठोडे बांधूनच बसला होता. मल्हारबांनी विचारले, "याला परत पाठवावं, असं किती जणांना वाटतं?" एकेक करत हात वर झाले. जवळजवळ सगळेच.

मल्हारबा म्हणाले, "बरं. मी काही बोलत नाही, माझी निवड आहे. पण नारळ सदूनानांनी टाकला होता. तेव्हा शेवटचं त्यांनी सांगावं."

सगळ्या माना नानांकडे वळल्या. नाना उठले. आता मोठा आवाज निघणार म्हणून पुढच्या रांगेतल्या पोरांनी हसत कानांवर हात ठेवले. पण नानांचा आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांना पुढे सरकावे लागले.

"नारळ याच्या हातून सुटला नाही. मी तो याच्याकडे टाकलाच नव्हता. याचे डोळे मिटलेले होते. मी हाळी दिली नाही. मुद्दाम वाकडा फेकला. मला हैबती हवा होता, आणि त्याचा राग मी याच्यावर काढला. आठ दिवस तुम्ही मला शाबासकी देत होता आणि मी ती घेत होतो. चूक माझी आहे. नारळ फेकायचा मान आता दुसऱ्या कोणाला द्या."

मग मागून एक म्हातारे म्हणाले, "म्हणजे अपशकुन झाला तो आपल्या नानांचाच म्हणायचा!" थोडे लोक हसले. नाना हसले नाहीत. गोदाक्का बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

मल्हारबा जिवबाकडे वळले. "काय रे, तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग आठ दिवस बोलला का नाहीस? तुझा खेळ संपला असता."

जिवबा जरा गोंधळला. एवढ्या माणसांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "आमच्या कामात असं आहे मल्हारबा. खाली उभा असलेला माणूस शंभर कौलं फेकतो, त्यातलं एखादं वाकडं येतंच. कधी थकून, कधी रागानं. वर बसलेल्यानं तेवढ्यावरून त्याला चार माणसांत शिव्या दिल्या, तर पुढचं कौल तो कशाला नीट फेकेल? मला वाटलं, नाना पुढचं सरळ टाकतील."

मल्हारबांनी पुन्हा तेच विचारले, पण या वेळी एकही हात वर झाला नाही. एका पोराने जाऊन जिवबाच्या गाठोड्याची गाठ सोडून टाकली.

पंधरा दिवसांनी पहिला सामना झाला. पाणसऱ्याच्या फेक्याने चेंडू टाकला. जिवबा वाऱ्यासारखा पळाला, रेघेपाशी पोचला, हात वर केले, आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून खाली पडला. या खेपेला खरोखरच सुटला. सगळे गाव सदूनानांकडे पाहू लागले. नाना काय ओरडतात?

नाना उठून उभे राहिले. पूर्वीच्याच आवाजात, शेजारच्या गावाला ऐकू जाईल असे ते ओरडले, "असू दे रे जिवबा! टाका पुन्हा! त्याच्याकडंच टाका!"

"त्याच्याकडंच टाका!" सारे गाव ओरडले.

त्यानंतर जिवबाने किती झेल घेतले, ते पाणसऱ्याची पोरे अजून बोटांवर मोजून सांगतात. त्या वर्षी गाव काही पहिले आले नाही. चौथे आले. पण दहाव्याचे चौथे होणे म्हणजे काय, ते दहावे आलेल्यालाच विचारावे. घरोघरी गोडधोड झाले. गोदाक्कांनी जिवबाला जेवायला बोलावले, आणि नानांनी स्वतःच्या हाताने त्याच्या भातावर तूप वाढले.

तात्पर्य: नव्या माणसाची परीक्षा घेणाऱ्याने आधी स्वतःचा हात सरळ आहे ना, ते पाहावे, आणि तो वाकडा पडला असेल, तर चार लोकांत तसे सांगण्याइतके मन मोठे ठेवावे.